काकूंना विचारा : मी बेसूर आहे, लेकीला म्युझिकचा क्लास लावू का?

"काकू नमस्कार, नागपूरच्या मनीष नगरहून लिहितेय. मी आणि मिस्टर दोघंही मिहानमध्ये जॉबला. मुलगी साडेतीन वर्षांची, जूनपासून नर्सरी. सोसायटीजवळ एक म्युझिक क्लास निघालाय, समर बॅच, ३ ते ५ वयाच्या मुलांसाठी, कीबोर्ड शिकवणार आणि सोबत 'मोझार्ट बेस्ड ब्रेन डेव्हलपमेंट'. फी १८ हजार, त्यातले २ हजार भरून सीट बुक केली आहे. वरच्या मजल्यावरचा मुलगा पाच वर्षांचा आहे, तो दोन्ही हातांनी वाजवतो, आणि आमची अजून मराठीत धड दोन वाक्यं सलग बोलत नाही, मोबाईलवरच्या इंग्लिश राइम्स मात्र सगळ्या पाठ. मिस्टर म्हणतात तबला लाव. सासूबाई आर्वीच्या, त्या तिला मांडीवर घेऊन भुलाबाईची गाणी म्हणतात, मला आधी वाटायचं आता ही गाणी कशाला, पण पोरगी शांत होते हे खरं. मी स्वतः एकदम बेसूर, गायली की घरात सगळे हसतात म्हणून गातच नाही. तर म्युझिकने खरंच ब्रेन शार्प होतो का, कितव्या वर्षी क्लास लावावा, कुठलं वाद्य, आणि माझ्या बेसूर गाण्याने तिचा कान बिघडेल का?"
– एक आई, मनीष नगर

बाई गं, तुला तू म्हणते हं, माझ्या सुनेच्या वयाची असशील. चार प्रश्न विचारलेस आणि खरा प्रश्न सगळ्यात शेवटी टाकलास, दबक्या आवाजात, तर मी तिथूनच सुरू करते. नाही बिघडत. साडेतीन वर्षांच्या पोरीचा कान बिघडवायला डीजे लागतो, त्याला आई पुरत नाही.

आणि हे मी पुस्तकातलं सांगून नाही राहिली. मी चौथीत होती तेव्हा गॅदरिंगच्या समूहगीतात आमच्या बाईंनी मला मागच्या ओळीत नेऊन उभं केलं आणि कानात सांगितलं, तू नुसतं तोंड हलव, आवाज काढू नको. मी हलवलं. फोटोत सगळ्यात मोठं उघडलेलं तोंड माझंच आहे. त्यानंतर मी गायलीच नाही, न्हाणीघरात पण नाही, ते थेट बालवाडीत नोकरीला लागेपर्यंत. तिथे पहिल्याच दिवशी ३० पोट्टे समोर बसवून दिले आणि म्हणाले, घ्या एखादं गाणं. पेटी नाही, ढोलकी नाही, घसा कोरडा. मी जे काही म्हटलं ते कोणत्या पट्टीत होतं देव जाणे, पण एकाही पोट्ट्याने कानावर हात ठेवला नाही. एक जण तर उठून आला, माझा पदर धरून उभा राहिला आणि माझ्या तोंडात बघायला लागला, की हा आवाज निघून कुठून राहिला. महाल भागातल्या त्या बालवाडीत मी २२ वर्षं गायली, रोज गायली, आणि बेसूरच गायली.

तुझा आवाज तिला जन्माच्या आधीपासून माहीत आहे. पोटात सहावा-सातवा महिना लागतो तेव्हाच बाळाचे कान काम करायला लागतात आणि तिथे सगळ्यात जास्त पोचतो तो आईचाच आवाज, कारण तो बाहेरूनही येतो आणि आतून हाडामांसातूनही येतो. अमेरिकेत १९८० मध्ये दोन-तीन दिवसांच्या बाळांवर एक प्रयोग झाला, त्यांना चोखायला बूच दिलं आणि असं जमवलं की एका ठराविक लयीत चोखलं तर आईचा आवाज ऐकू येईल, दुसऱ्या लयीत चोखलं तर परक्या बाईचा. बाळांनी काय करावं, आईचा आवाज यावा म्हणून चोखायची पद्धत बदलली! तीन दिवसांचं लेकरू गं. त्याला सूर कळला का, नाही, माणूस कळलं.

अजून एक, हे मला फार आवडतं. मॉन्ट्रियलच्या लोकांनी २०१५ मध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना तुर्की भाषेतली गाणी आणि तुर्की बोलणं ऐकवलं, तुर्की मुद्दाम, म्हणजे ओळखीचं काही नको, आणि बाळ रडवेलं व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. बोलण्यावर चार मिनिटं आणि थोडं वर, गाण्यावर जवळपास नऊ. आता नऊ मिनिटं म्हणजे किती हे त्या संशोधकांना नाही कळणार, संध्याकाळी ऑफिसातून येऊन एका हाताने कुकर लावणाऱ्या बाईला बरोब्बर कळतं. तीन शिट्ट्या होतात तेवढ्यात.

बरं, आता त्या मोझार्टचं बघू. हे जरा नीट सांगते कारण याच्यावर लोकं अजूनही पैसे कमावून राहिले. झालं असं की १९९३ साली कॅलिफोर्नियात ३६ कॉलेजच्या पोरापोरींना, बाळांना नाही बरं का, कॉलेजच्या, दहा मिनिटं मोझार्टचा दोन पियानोंसाठी लिहिलेला एक सोनाटा ऐकवला आणि लगेच कोडी घातली, कागद दुमडून कापला तर उलगडल्यावर कसा दिसेल अशा टाइपची. मोझार्ट ऐकणाऱ्यांना शांत बसलेल्यांपेक्षा थोडे मार्क जास्त पडले. आणि तो फरक टिकला किती, तर दहा-पंधरा मिनिटं. धरमपेठहून बर्डीला पोचेपर्यंत संपला. पण पेपरवाल्यांनी त्याचा 'मोझार्ट इफेक्ट' केला, त्यात बाळांचा संबंध नव्हता तरी बाळांच्या सीड्या निघाल्या, १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या गव्हर्नरने तर जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या घरी शास्त्रीय संगीत पाठवायला सरकारी बजेटमधून पैसे मागितले. नंतर दुसऱ्यांनी करून बघितलं तेव्हा कळलं की मनासारखं काही ऐकलं की माणूस जरा तरतरीत होतो आणि कोडी बरी सुटतात, इतकंच, मोझार्टच्या जागी छानशी गोष्ट ऐकवली तरी गोष्ट आवडणाऱ्याला तेवढाच फायदा. शेवटी २०१० मध्ये जवळपास ४० अभ्यास एकत्र मांडून यात खास काही नाही असं सांगितलं ते कोणी, तर व्हिएन्नाच्या लोकांनी. म्हणजे मोझार्ट जिथे राहिला आणि गेला त्याच गावच्या. आपल्या गावच्या माणसाबद्दल इतकं खरं बोलायला छाती लागते बाप्पा.

तू म्हणशील ऐकून नाही तर नाही, शिकून तर होत असेल. टोरांटोमध्ये २००४ ला सहा वर्षांच्या १४४ मुलांवर बघितलं होतं, काहींना वर्षभर कीबोर्ड शिकवला, काहींना गाणं, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. आयक्यू सगळ्यांचाच वाढला, शाळेत गेलं की वाढतोच, संगीतवाल्यांचा साधारण तीन पॉइंट जास्त वाढला. तीन. आणि गंमत म्हणजे चारचौघांत वागणं सुधारलं ते नाटकवाल्यांचं. पुढे २०२० मध्ये ५० च्या वर अभ्यास, मिळून सात हजारांच्या आसपास मुलं, असं सगळं एकत्र केलं तर दिसलं की अभ्यास जितका काटेकोर तितका हा फायदा बारीक होत होत दिसेनासा होतो. मग हे ब्रेन शार्प करतो म्हणणारे क्लास काय विकतात ते तूच बघ. संगीताला आयक्यूचे पॉइंट मागणं म्हणजे पुरणपोळीला व्हिटॅमिन किती असं विचारणं आहे, असेल थोडंफार, पण त्यासाठी कोणी पुरण वाटत नाही.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. हे पण कॅनडातलंच, हॅमिल्टनचं, २००५ चं. सात महिन्यांच्या बाळांना एक ठेका ऐकवला, असा की जोर नेमका कुठल्या ठोक्यावर आहे ते कळूच नये. ऐकवता ऐकवता काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला वर झुलवलं आणि काहींना दर तिसऱ्या ठोक्याला. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाला केहरव्यासारखं हलवलं, दुसऱ्याला दादऱ्यासारखं. फक्त दोन मिनिटं. मग तोच ठेका जोर देऊन वाजवला, एकदा दोनाचा, एकदा तिनाचा, तर ज्या बाळाला जसं झुलवलं होतं ते बाळ तोच ठेका जास्त वेळ ऐकत बसलं. डोळ्यांवर पट्टी बांधून केलं तरी तेच. आणि आता नीट वाच, ज्या बाळांना हातात घेतलंच नाही, दुसरं माणूस तालावर वर-खाली होताना नुसतं दाखवलं, त्यांच्यात असं काहीच झालं नाही.

काहीच नाही. तुझ्या मोबाईलचा सगळा हिशोब मला या एका ओळीत दिसतो. स्क्रीनवर पांडा नाचतो, बस नाचते, केळं नाचतं, लेकरू ताठ बसून बघतं आणि आई घास भरवते. कान ऐकून राहिला, अंग गप्प. आणि मांडीवर काय होतं ते एकदा सासूबाईंना न सांगता दारातून बघ. डावा हात मानेखाली, उजव्या हाताची थाप पाठीवर, ती थाप गाण्याच्या मात्रेवर पडते, खाली गुडघा वेगळाच हलत असतो पण तोही त्याच तालात. पोरगी चुळबुळ करते तोवर लय जरा चढी, डोळे जड व्हायला लागले की लय उतरते, मग शब्द गळायला लागतात, आधी मधले, मग सगळेच, आणि शेवटी नुसतं हूं… हूं… उरतं, आणि ते कधी थांबलं हे कोणालाच कळत नाही. कोणता व्हिडिओ लेकराचे डोळे बघून लय कमी करतो, मला दाखव.

माझ्या सासूबाई अशाच मे महिन्यात आमच्या मोठ्याला झोपवायच्या, नवतपा लागलेला, मोठा लोखंडी कूलर खिडकीत घरघर करून राहिला, आणि त्या गायला लागल्या की दोन ओळींत त्यांचा सूर त्या घरघरीला येऊन चिकटायचा. दुपारी लाईट गेली की कूलर बंद आणि सासूबाई अर्ध्या ओळीत थांबायच्या, म्हणायच्या, "गेला वं तंबोरा!" मला तेव्हा हसू यायचं. आता वाटतं, बाई कधी कोणाकडे शिकली नाही पण सा कुठून घ्यायचा ते तिला कोणी सांगावं लागलं नाही.

भुलाबाईच्या गाण्यांना 'आता कशाला' म्हणालीस त्यावर थोडं रागावते हं. ती गाणी कशी असतात बघ, एक ओळ तशीच्या तशी परत येते आणि तिच्यात एकच शब्द बदलतो, आधी सासू मग सासरा मग दीर मग नणंद, किंवा एक दागिना मग दुसरा, एक भाजी मग दुसरी. बोलायला शिकणाऱ्या लेकराला याच्यापेक्षा काय चांगलं पाहिजे, वाक्याचा साचा तोच, आणि रिकाम्या जागी एकेक नवा शब्द बसवायचा. आम्ही बालवाडीत यासाठी कार्डं कापत बसायचो, चिकटवत बसायचो, आणि आर्वीच्या बाईला ते पाठ आहे. शिवाय गाण्यात स्वर लांबतो, शब्द तुटक तुटक ऐकू येतात, यमकामुळे पोरीला आधीच कळतं आता कोणता आवाज येणार, ती तो आवाज तोंडात धरून वाट पाहते. पुढे वाचायला शिकताना शब्दाचे तुकडे कानाने ओळखता येणं फार कामी पडतं, आणि त्याची सुरुवात या यमकांपासूनच होते. तुझ्या लेकीला इंग्लिश राइम्स पाठ आहेत ना, छान आहे, पण त्या तिने एकटीने पाठ केल्या, तिच्यासमोर थांबणारं कोणी नव्हतं. म्हणून त्या जशाच्या तशा बाहेर पडतात, त्यातला शब्द काढून ती पाणी मागायला वापरत नाही.

करून बघायचं असेल तर हे कर. सासूबाई ओळ म्हणतील, शेवटचा शब्द आला की त्यांनी थांबायचं, आणि लेकीकडे बघत बसायचं. घाई करायची नाही, मनात पाच मोजायचे, आपल्याला ते पाच फार लांब वाटतात. पहिल्या दिवशी ती नुसती हसेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शब्द येईल, अर्धा येईल, चुकीचा येईल, तो घ्यायचा आणि पुढे जायचं. आमच्याकडे एक पोरगा होता, दिवाळीपर्यंत वर्गात अक्षर बोलला नाही, घरी बोलायचा म्हणे. एका गाण्यात बैलाचा आवाज काढायची जागा होती, मी तिथे रोज थांबायची आणि बाकीचे हंबरायचे. एक दिवस सर्दीने अर्धा वर्ग गैरहजर, मी थांबली, कोणीच हंबरलं नाही, आणि हा कोपऱ्यातून एवढ्या जोरात हंबरला की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. दोन-तीन आठवड्यांनी तो मला 'बाई, सू' म्हणाला. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणे यात काय एवढं.

पण एक गोष्ट गाण्यावर सोडायची नाही. साडेतीन वर्षांचं मूल साधारण तीन-चार शब्दांची वाक्यं जोडतं आणि परक्या माणसालाही त्यातलं बरंचसं कळतं. तू लिहितेस दोन वाक्यं धड नाही. राइम्स पाठ होतात म्हणजे कान चांगलाच असेल असं धरून चालू नको, पाठीमागून हळू हाक मारली तर वळते का, टीव्हीचा आवाज वाढवायला लावते का, वारंवार सर्दी होऊन कान दुखतो का, हे बघ आणि एकदा कान तपासूनच घे. तुमच्या नेहमीच्या मुलांच्या डॉक्टरांना विचार, नाहीतर मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या कान-नाक-घशाच्या ओपीडीत घेऊन जा, सकाळी लवकर जा म्हणजे ऑफिस बुडणार नाही. बहुतेक वेळा काही निघत नाही, मोबाईल जास्त आणि समोरासमोर बोलणं कमी इतकंच असतं, पण निघालं तर लवकर निघालेलं बरं. मोबाईलचं म्हणशील तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसल्या जागी स्क्रीन दिवसाला एक तासाच्या वर नको आणि त्याहून कमी तर उत्तम. जेवताना बंद केला तर दोन दिवस रडारड होईल, तिसऱ्या दिवशी जेवेल, जेवली नाही तर चौथ्या.

आता वाद्य. मिस्टरांना सांग तबला चांगलाच आहे पण चाटीवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, बोट पडायला हात जरा मोठा लागतो, सहा-सात वर्षांशिवाय मी कोणाला सांगत नाही. तोवर तबला तोंडाने वाजवू द्या. धा धी ना, धा ती ना. दादऱ्याच्या सहा मात्रा, जिन्याच्या पायऱ्या उतरताना एका पायरीला एक. मिस्टरांना लिफ्ट सोडून दिवसातून एकदा तिच्यासोबत जिना उतरायला लाव, त्यांचंही पोट कमी होईल. हातात काही द्यायचंच असेल तर छोटी खंजिरी द्या, इतवारीत भजनाच्या सामानाच्या दुकानात मिळून जाते, तुकडोजी महाराजांनी अख्खा विदर्भ खंजिरीवर डोलवला तर साडेतीन वर्षांच्या पोरीला काय कमी पडणार. कीबोर्ड पाच-सहा वर्षांनंतर, तेही तिने स्वतःहून बोट लावलं तर. वरच्या मजल्यावरचा वाजवतो तर वाजवू दे बिचारा, तो पाचचा आहे, तुझी साडेतीनची, या वयात दीड वर्ष म्हणजे अर्ध आयुष्य.

आणि घरातली थाळी-चमचा विसरू नको. स्टीलची थाळी उलटी ठेवायची, तिला एक चमचा, तुला एक. तू वाजवलं की तिने वाजवायचं, तू थांबली की थांबायचं. वाजवणं कोणालाही येतं, खरी गंमत थांबण्यात आहे, हात वर गेलेला असतो आणि तो तिथेच धरून ठेवायचा, लेकराचं सगळं अंग थरथरतं हसू दाबून. शाळेत 'थांब, तुझा नंबर नाही' हे ऐकायला जे लागतं ना ते असंच अंगात मुरतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार म्हणून आजूबाजूला मिळेल त्यातूनच साधनं केली. आम्ही त्याच वाटेने शिकलेल्या बाया, आम्हाला थाळी पुरते.

चार पोरं जमली तर अजून मजा. जर्मनीत २०१० मध्ये चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या करून काहींना एक खेळ गाणं म्हणत, लाकडी बेडकं वाजवत खेळायला लावला, काहींना तोच खेळ गाण्याशिवाय. नंतर एकाच्या हातून गोट्या सांडतील असं मुद्दाम केलं, तर गाणंवाल्या जोड्यांतली पोरं एकमेकांच्या मदतीला जास्त धावली. तुझ्या सोसायटीत भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसव ना, कोजागिरीपर्यंत महिना मिळतो, रोज नाही तर शनिवार-रविवार, टिपऱ्या घे, शेवटी डब्यातला खाऊ ओळखायला लाव. सासूबाईंना पुढे बसव. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन जेवढी पोरं खाली उतरतात तेवढी यालाही येतील, खाऊ असला की येतात.

आवाजाचं तेवढं सांभाळ. कानात हेडफोन या वयात नकोच, बटन दाबलं की किंचाळणारी खेळणी असतात त्यांच्या स्पीकरच्या जाळीवर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लाव, आवाज बराच उतरतो, आणि गणपतीत डीजेच्या गाडीमागे तिला खांद्यावर घेऊन नाचायचं नाही, मिस्टरांना खास सांग.

तू गाताना एक करून बघ, तुझ्या नेहमीच्या पट्टीपेक्षा जरा वर धर. आपण बाया लाजत लाजत खाली घोगऱ्या आवाजात गातो, लेकरांचा आवाज मुळात उंच, त्यांना तिथे खाली उतरताच येत नाही, मग आपण म्हणतो हिला सूर नाही. कदाचित तुझ्याबद्दलही लहानपणी असंच कोणीतरी ठरवलं असेल, मला नाही माहीत. काय गाऊ म्हणशील तर काहीही, तिच्या नावावर दोन ओळी जुळव, अंघोळीच्या वेळी तेच, चप्पल घालताना तेच. हसणाऱ्यांना हसू दे. माझा नवरा ३० वर्षं हसला, आता नातीला झोपवताना माझंच गाणं म्हणतो, आणि माझ्यापेक्षा बेसूर.

राहिला तुझा क्लास. छोट्यांचा संगीताचा वर्ग वाईट असतो असं नाही, पण बघायचं काय ते सांगते. आईला आत बसू देतात का? जपानचे सुझुकी गुरुजी तर लेकराच्या आधी आईला व्हायोलिन हातात द्यायचे, की तू शीक, ते बघून मागेल. पोरं जमिनीवर आहेत का खुर्चीवर, उठून नाचली तर चालतं का, तास अर्ध्या-पाऊण तासात संपतो का. परीक्षा, सर्टिफिकेट, स्टेज यातलं काहीही साडेतीन वर्षांना सांगत असतील तर तिथून निघायचं. आणि ज्या बोर्डवर 'ब्रेन' लिहिलंय त्याच्या आत शक्यतो जायचंच नाही.

उद्या जाऊन २ हजार परत माग. पावती घेऊन जा, मिस्टरांना नेऊ नको, ते तबल्याची चौकशी करून नवीन पावती फाडून येतील. परत देत नाही म्हणाले तर भांडू नको, म्हणावं नाव लिहून ठेवा, सहा वर्षांची झाली की ॲडजस्ट करा. आणि कानाच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला नक्की कळव.